चढ, वेग आणि वीज



विकाराबाद-परळी मार्गावरील आपल्या भालकी स्थानकात गाडीची वाट पाहताना आपले लक्ष घड्याळाकडे असते. गाडी ओढणाऱ्या शक्तीचा विचार क्वचितच मनात येतो. त्या शक्तीच्या इतिहासातील एकच मुद्दा मी आज मांडणार आहे. आपल्याकडे रेल्वेत वीज आली ती वेगाच्या हौसेपोटी नव्हे, अडचणीपोटी.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी भारतातील पहिली विद्युत गाडी धावली. तेथे अडचण गर्दीची होती. जवळजवळच्या स्थानकांवर थांबून पुन्हा चटकन गती घेणे वाफेच्या इंजिनाला जड जाई. पुढची अडचण बोरघाटाची, ३७ फुटांमागे १ फूट अशा खड्या चढाची. कल्याणजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे वीजकेंद्र उभारले आणि १९२९ मध्ये विजेच्या तारा पुण्यास पोहोचल्या. घाटातील मालगाडीचे इंजिन चढताना तारेतून वीज घेई. उतरताना त्याचीच मोटर जनित्र होऊन वीज तारेला परत देई आणि गाडीलाही आवर घाली. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन असे खंडाळ्याच्या दरीत राबू लागले. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. वेग आला तो असा, मागाहून.

पुढे चाकाची रुळावरील पकड हीच वेगाची मर्यादा ठरू लागली. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन डॅन्बी यांनी जेम्स पॉवेल यांच्यासह १९६६ मध्ये अतिवाहक चुंबकांवर गाडी अधांतरी तोलण्याची कल्पना मांडली. अशा गाडीची मोटर जणू उलगडून मार्गावर अंथरलेली असते; पुढे सरकणारे चुंबकीय क्षेत्र गाडीला ओढून नेते. २१ एप्रिल २०१५ रोजी जपानमध्ये अशा गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

उरला हवेचा अडथळा. निर्वात नळीतून धावणाऱ्या ‘हायपरलूप’साठी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबई-पुणे मार्गाचा करार केला. नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात झालेल्या चाचणीत पुण्याचे अभियंते तनय मांजरेकर त्या वाहनात बसले. मात्र मुंबई-पुणे मार्ग झाला नाही आणि २०२३ च्या अखेरीस ती कंपनीही बंद पडली. माझ्या मते निसर्गनियम जुळले तरी काम अर्धेच होते. गरज, पैसा आणि चोळ्यासारखे वीजघर यांची सांगड उरतेच.

सीमाभागातील आपल्या मुलांना विज्ञान दूरच्या शहरातले वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर तांब्याच्या नळीतून एक चुंबक सोडावे. ते संथपणे, कोणीतरी अडवल्यासारखे उतरते. घाटात गाडीला आवरणारा नियम तोच आहे. तो का आवरतो, असे एका मुलाने जरी विचारले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.