फॉक्सप्रो

फॉक्सप्रो : नोंदी साठवणे, शोधणे, त्यांचे हिशेब करणे व अहवाल छापणे यांसाठी बनवलेली संगणकभाषा आणि डेटाबेस प्रणाली. अमेरिकेतील फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीने ती १९८९ मध्ये बाजारात आणली. १९९२ मध्ये ही कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २००४ च्या अखेरीस आलेली व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची मुख्य आवृत्ती ठरली आणि १३ जानेवारी २०१५ रोजी तिचे अधिकृत साहाय्य थांबले. महाराष्ट्रात पगारपत्रके, दुकानांतील साठा, पतसंस्थांची खाती अशा रोजच्या कामांसाठी ही भाषा वापरली गेली. त्यामुळे तिच्या समाप्तीचा संबंध थेट मराठी नोंदींच्या जतनाशी येतो.

उगम : जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हल्कन’ हा प्रोग्रॅम लिहिला. ॲश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस २’ या नावाने विकला. त्याची भाषा लोकप्रिय झाली, तशी तीच भाषा अधिक वेगाने चालवणारी साधने इतरांनी काढली. नॅनटकेट कंपनीचे क्लिपर आणि डेव्ह फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअरचे फॉक्सबेस ही त्यांतली प्रमुख. ॲश्टन-टेटने १९८८ मध्ये फॉक्सवर स्वामित्वहक्काचा दावा लावला, पण १९९१ मध्ये बोरलँडने ॲश्टन-टेट घेतल्यावर तो सोडून देण्यात आला. त्याच वर्षी आलेल्या फॉक्सप्रो २.० मध्ये ‘रशमोर’ हे तंत्र होते. शोधाच्या अटींना जुळणारे इंडेक्स आधी तपासून हव्या तेवढ्याच नोंदी उचलल्या जात असल्यामुळे साध्या पीसीवरही मोठ्या फायलींतून उत्तर चटकन मिळे.

रचना : फॉक्सप्रोतील तक्ता डीबीएफ फाइलमध्ये असतो. फाइलच्या सुरुवातीला रकान्यांची नावे, प्रकार व रुंदी दिलेली असते. त्यापुढे एकसारख्या लांबीच्या नोंदी ओळीने येतात. सुट्या तक्त्यात रकान्याचे नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचे असते. ‘यूज’ने तक्ता उघडतो, ‘ब्राउज’ने तो पडद्यावर दिसतो. ‘डिलीट’ दिल्याने नोंद पुसली जात नाही. तिच्या आरंभी फक्त तारांकन पडते. ‘पॅक’ देईपर्यंत ‘रिकॉल’ने ती परत आणता येते.

या भाषेचा आटोपशीरपणा एका उदाहरणावरून दिसतो. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली सागवानासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्यासारख्या लाकूड डेपोत लठ्ठ्यांची नोंद फॉक्सप्रोत करायची झाल्यास नग क्रमांक, लांबी, गोलाई, घनफळ व लॉट क्रमांक एवढे रकाने पुरतात. गोलाईच्या चतुर्थांशाचा वर्ग गुणिले लांबी या सूत्राने ४ मीटर लांब व १.२० मीटर गोलाईच्या लठ्ठ्याचे घनफळ ०.३६ घनमीटर येते. ‘रिप्लेस ऑल’ या एका आज्ञेने संपूर्ण तक्त्यातील घनफळाचा रकाना भरतो. ज्याला काम ठाऊक आहे त्याला थोड्या सरावाने प्रोग्रॅमही लिहिता येई, आणि या भाषेचा खरा मोठेपणा हाच होता.

मराठी नोंदी : १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्राचा प्रसार केला. या तंत्राची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती. पीसीत जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरील प्रोग्रॅममध्ये देवनागरी टंकता येई. त्यामागील इस्की या संकेतप्रणालीला भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली. इस्कीत ‘आलापल्ली’ हा शब्द ८ बाइटांत बसतो आणि अक्षरे साधारण वर्णक्रमाने असल्यामुळे गावांची यादीही बरीचशी नीट लागते.

विंडोजच्या काळात आयएसएम, श्रीलिपी यांसारख्या संचांतील फॉन्ट वापरात आले. त्यांत वर्णाऐवजी अक्षराचा आकार साठवला जाई. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवली गेली की चिमूर, सिरोंचा आणि सिंदेवाही ही गावे ‘च’ आणि ‘स’ सोडून एकाच ठिकाणी गोळा होतात. मूळ फॉन्ट नसेल तर तोच मजकूर अगम्य चिन्हांची रांग दिसतो. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, पण फॉक्सप्रो युनिकोडच्या आधीची. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तिला वापरता येईल असे एकबाइटी संकेतपृष्ठही नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘आलापल्ली’ला २४ बाइट लागतात, म्हणजे २० बाइट रुंदीच्या जुन्या रकान्यात हे नाव मावतच नाही.

समाप्ती : मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दहावी आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. प्रणाली ३२-बिट होती आणि कंपनीचा ओढा डॉट-नेटकडे होता. स्पॅनिशभाषक प्रोग्रॅमरांनी पुढाकार घेऊन भाषा चालू ठेवण्याची मागणी केली, पण निर्णय बदलला नाही. काही पूरक घटकांचा स्रोत खुला झाला. मूळ इंजिनाचा झाला नाही. त्यानंतर नवे लोक ही भाषा शिकेनासे झाले, आणि जे शिकवू शकत होते ते हळूहळू दुसऱ्या कामांकडे वळले.

सद्यःस्थिती व जतन : व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ आजच्या विंडोजवर अजून चालते. डॉसवरची २.६ आवृत्ती ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही. तिला डॉसबॉक्ससारखा आधार लागतो. तक्त्याची फाइल २ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. वीज अचानक गेली तर इंडेक्स बिघडू शकतो आणि ‘रीइंडेक्स’ करावे लागते. डीबीएफची रचना मात्र सर्वज्ञात असल्यामुळे आकडे व तारखा अनेक साधनांनी वाचता येतात.

मराठी मजकूर वाचवण्यासाठी याहून अधिक काळजी हवी. फाइलबरोबर फॉन्टचे नाव व संचाची आवृत्ती नोंदवली पाहिजे, आणि मेमो रकान्यांचा मजकूर ज्या एफपीटी फाइलमध्ये असतो ती सोबत ठेवली पाहिजे. ‘पॅक’ देण्याआधी मूळ फाइलची प्रत घ्यावी, कारण तारांकित नोंदींतही इतिहास असतो. प्रतवारीच्या रकान्यातील एका अक्षराचा अर्थ काय, लॉट क्रमांकामागचा ‘ब’ कशासाठी, हे मात्र कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेले नसते. ते नोंदी भरणाऱ्या कारकुनाला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असते. सॉफ्टवेअर पुन्हा मिळवता येते. ही माहिती माणसाबरोबर जाते. म्हणून रूपांतराच्या कामात संगणकाला हात लावण्यापूर्वी त्या माणसांना गाठून प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून घेतला पाहिजे.