तांबड्या विटांचें घर

लंडनच्या आग्नेयेस, त्या काळीं केंट परगण्यांत मोडणाऱ्या बेक्सलीहीथ गांवीं, १८५९-६० सालीं ‘रेड हाउस’ हें घर उभें राहिलें. कवि व कलावंत विल्यम मॉरिस याच्यासाठीं त्याचा मित्र फिलिप वेब यानें तें रचिलें. वेबचें हें पहिलेंच स्वतंत्र काम.

इंग्लंडांत विटांवरील कर १८५० सालीं उठला होता. तरीही वीट गिलाव्याखालीं झांकून दगडाचा आभास निर्माण करण्याची हौस पुष्कळ धनिकांना होती. वेबनें तांबडी वीट उघडीच ठेविली. खिडक्या त्यानें दर्शनी भागाच्या तोलासाठीं नव्हे, तर आंतील खोल्यांच्या सोयीप्रमाणें बसविल्या. कमानीही विटांच्याच, वर उतरतें कौलारू छप्पर.

घराचा आराखडा काटकोनी असून त्याच्या कुशींत शंक्वाकृति छपराची विहीर आहे. उरलेल्या भागांत चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्स याच्या कुटुंबासाठीं जोडघर बांधून मधोमध चौक साधावयाचा बेत होता. वेबनें त्याचे नकाशेही काढले. परंतु १८६४ सालीं बर्न-जोन्सच्या घरांत सांसर्गिक ज्वर शिरला, तान्हें मूल दगावलें आणि तो बेत सुटला. मॉरिसचा व्यवसाय लंडनमध्यें; तेथील ये-जा त्याला झेपेना. १८६५ सालीं त्यानें घर सोडलें.

पुढें जर्मन लेखक हेर्मान मुटेसियस यानें इंग्रजी घरांवरील आपल्या ग्रंथांत नव्या गृहरचनेचा आरंभ म्हणून या घराचा गौरव केला. २००३ सालीं नॅशनल ट्रस्टनें तें जतनासाठीं घेतलें. उघड्या विटेचा धडा पुष्कळांनीं गिरविला. दोन मित्रकुटुंबांचा तो चौक मात्र कागदावरच राहिला.