बँक जुळवणी: सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या सेटिंग ठेवाव्यात?

आपल्या वहीतील बँकेच्या नोंदी आणि बँकेचे स्टेटमेंट एकमेकांशी ताडून पाहणे म्हणजे बँक जुळवणी. अनेक अकाउंटिंग सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतात. घोळ होतो तो फक्त रकमेवरून जुळवण्याची सेटिंग ठेवली तर.

समजा, परभणीच्या मोंढ्यातल्या एका अडत्याने सोमवारी शेतकऱ्याला सोयाबीनचा 48,000 रुपयांचा चेक दिला. शेतकऱ्याने तो घरीच ठेवला. बुधवारी दुसऱ्या शेतकऱ्याला तेवढेच पैसे एनईएफटीने पाठवले, पण चुकून दोनदा गेले. वहीत मात्र एनईएफटीची नोंद एकच. आता सॉफ्टवेअर जादा गेलेले 48,000 त्या न वटलेल्या चेकला जोडून टाकते आणि फरक दाखवते शून्य! चेक तारखेपासून तीन महिने चालतो (31 मार्च 2012 पर्यंत सहा महिने चालायचा). दोन महिन्यांनी शेतकरी तो बँकेत टाकतो. अडत्याच्या हिशोबी तो केव्हाच वटलेला, म्हणून खात्यात तेवढी रक्कम नाही. चेक बाऊन्स. वर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली तक्रारीची टांगती तलवार.

म्हणून रकमेसोबत चेक नंबर किंवा यूटीआर नंबरही जुळलाच पाहिजे, अशी सेटिंग ठेवा. त्यासाठी नोंद करतानाच नंबर टाकावा लागतो. मोंढ्याच्या गर्दीत हे जिवावर येते, पण त्याला पर्याय नाही. तारखेतला फरक एनईएफटी, यूपीआयसाठी दोन-तीन दिवस पुरे. चेकसाठी तीन महिने.

रकमेतला चालणारा फरक शून्य ठेवा. स्वाइप मशीनचे पैसे अनेकदा शुल्क कापून जमा होतात. पाच-दहा रुपयांची सूट दिली की ते शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वहीत कधी दिसतच नाही.

न जुळलेल्या रकमेची नोंद सॉफ्टवेअरने स्वतःहून करू नये, फक्त यादी दाखवावी. टॅलीत जुळवणी कोणत्या तारखेपासून सुरू करायची हे बँकेच्या लेजरमध्ये ठरवता येते. तिथे 1 एप्रिल टाकणार असाल, तर 31 मार्चला न वटलेले चेक आधी वेगळे नोंदवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात मेळ बसणार नाही.