वेळासचं माहेरपण

सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेला हरिहरेश्वर आणि दक्षिणेला बाणकोट. बाणकोटच्या किल्ल्याला आंग्र्यांच्या काळात हिंमतगड म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यावर तो इंग्रजांच्या हातात गेला आणि त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. या किल्ल्याच्या पलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वेळास नावाचं गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका. नाना फडणवीसांच्या घराण्याशी नातं सांगणारं हे गाव, पण आता लोक तिथे नानांसाठी जात नाहीत. कासवांसाठी जातात.

मी स्वतः खाडीकाठचा. आमच्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष बोटीवर, नाहीतर आखातात. शेजारच्या कुणबी, भंडारी घरांतले पुरुष मुंबईच्या गिरणीत. गावात राहायची म्हातारी माणसं, बाया, पोरं आणि पोस्टमनची वाट. रत्नागिरी जिल्ह्याला मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणत, ते काही उगाच नाही. १९८२ साली गिरणी संप झाला, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्या मनीऑर्डरी रोडावल्या. कासवांची गोष्ट सांगताना मी हे का सांगतो आहे, असं वाटेल. पण ज्या किनाऱ्यावर चूल पेटण्याचा प्रश्न होता, तिथेच रात्री वाळू उकरली की शंभरेक अंडी हाताला लागत होती. ती कोणी घरी खाल्ली, कोणी बाजारात विकली. लहानपणी मी ती टोपलीत पाहिली आहेत, पांढरीशुभ्र, पिंगपाँगच्या चेंडूसारखी. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. १९७२चा वन्यजीव कायदा होता. तो वाळूपर्यंत पोचलेला नव्हता.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी वाळूत गाडग्यासारखा खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापटून दाबते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांचं तोंड ती पाहत नाही. पन्नासेक दिवस वाळूच अंडी उबवते. वाळू थंड असेल तर नर जास्त, उष्ण असेल तर माद्या जास्त. आणि वयात आलेली मादी अंडी घालायला पुन्हा त्याच टापूत येते, जिथे ती जन्मली. बाळंतपणाला माहेरी यावं, तशी. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांचा शोध घेत किनाऱ्याने फिरत होते. वेळासला त्यांना गरुडाऐवजी कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. विचारपूस केली तेव्हा अंडी कुठे जातात तेही कळलं. त्यांनी पोलिसांत तक्रार केली असती तर कायद्याने ती बरोबर ठरली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी गावातल्या माणसांना हाताशी धरलं. घरटं कुठे असतं हे ज्यांना अंधारात कळायचं, त्यांच्याच नजरेचा उपयोग करून घेतला. पहाटे किनारा तुडवायचा, मादीच्या पायांचा माग काढायचा, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या आधी अंडी उचलायची, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची आणि तारीख लिहायची. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि दोन हजार सातशेहून जास्त पिल्लं समुद्रात गेली.

या कामाचं मोल कशात होतं? माझ्या मते त्या आकड्यात नव्हे. गावाने आपली एक जुनी सवय मोडली आणि ती मोडताना त्याला कोणी गुन्हेगार ठरवलं नाही, यात होतं.

पण राखणदाराला पोट असतं. म्हणून तीन-चार वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत शहरातल्या लोकांना बोलवायचं, आणि त्यांनी राहायचं गावकऱ्यांच्या घरात. लॉज नाही, हॉटेल नाही. शेणाने सारवलेलं अंगण, पडवीत अंथरूण, आणि घरातली बाई रांधेल ते जेवण. पुण्या-मुंबईचे लोक आले. ज्या घरातला मुलगा पोटासाठी मुंबईला गेला, त्या घरात मुंबईचा माणूस पैसे देऊन राहायला आला. आणि कोकणात हे नवीनच होतं, की पैसे घरातल्या बाईच्या हातात पडले. ते मुंबईहून आलेले नव्हते, तिच्या स्वतःच्या चुलीचे होते.

क्रम लक्षात घ्या, मंडळी. आधी राखण, मग पाहुणे. गोव्यात मोरजीलाही नव्वदच्या दशकात गावकऱ्यांनी घरटी राखायला घेतली होती. पण तिथे पर्यटन आधीच किनाऱ्यावर येऊन बसलं होतं. वाळूवर शॅक, रात्रभर दिवे, गाणी. पिल्लू अंड्यातून निघालं की उजेडाकडे धावतं, कारण लाखो वर्षं रात्रीचा उजेड समुद्राकडेच असायचा. आता तो हॉटेलाकडे असतो. तिथले लोक आणि वनखातं अजूनही झगडत आहेत, त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण पाहुणा आधी घरात शिरला की त्याला नियम सांगणं अवघड जातं, हे खरं.

वेळासला पुढे घरट्यांची जबाबदारी वनखात्याकडे गेली आणि पाहुण्यांची गावाकडे. आंजर्ला, गुहागर अशा इतर किनाऱ्यांवरही राखण सुरू झाली. २०१८ साली राज्यात आणखी एक शहाणपणाची योजना आली. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. जाळं कापणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात जाळं विणलं जातं त्यालाच कळतं.

२०२० साली मात्र परीक्षा झाली. मार्चमध्ये, ऐन हंगामात, टाळेबंदी लागली आणि पाहुणे थांबले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली. पोफळीचं झाड पुन्हा उभं राहून फळायला पाच-सात वर्षं घेतं. पाहुण्यांवर आणि बागेवर, दोन्हीवर एकदम घाव बसला. पर्यटनाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे साल विसरू नये.

आणि कासवं? ती आलीच. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं. पश्चिम किनाऱ्यावरची तशी ती पहिली, म्हणून तिचं नाव ठेवलं प्रथमा. आणि २०२५च्या जानेवारीत तर नवलच झालं. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. सारा हिंदी द्वीपकल्प वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. मघाशी मी माहेरची गोष्ट सांगितली. हिने तर दोन माहेरं केली, म्हणायचं! अभ्यासक आता पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचं नातं नव्याने तपासत आहेत.

वेळासच्या पहिल्या हंगामातली पिल्लं जी वाचली असतील, ती आता आई होण्याच्या वयाची आहेत. त्यांना पाण्यात उचलून ठेवलं नव्हतं, आजही ठेवत नाहीत. वाळूवर सोडायचं आणि त्यांना आपल्या पायांनी लाटेपर्यंत जाऊ द्यायचं. त्या चालण्यातच किनाऱ्याची ओळख पक्की होत असावी, असं जाणकार मानतात. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसांना मात्र धीर धरवत नाही. मोबाइल पुढे येतात, फ्लॅश पडतो, कोणीतरी मुलाला दोरीखालून पुढे सरकवतो.

मी गेलो होतो त्या संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू. माझ्या शेजारचे गृहस्थ चिडले. म्हणाले, इतक्या लांबून आलो, पैसे भरले, आता दाखवा कासव. टोपली उचलणारा गावकरी साठीच्या पुढचा असेल. त्याने टोपली हलकेच परत पालथी घातली, हात झटकले.

"आज नाय निघाली, साहेब. सकाळच्याला परत बघू. आता जेवायला चला, भात निवंल."