उंची कोण राखणार?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू त्या पाण्यावर उडणाऱ्या फळीचं लिही." बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी टाकलेला व्हिडिओ पाहून निम्म्या लोकांना तो खोटा वाटला होता आणि उरलेल्यांनी "खाली मोटर आहे का?" असं विचारलं होतं. मोटर नाही. पण हे दीडशे वर्षांचं प्रकरण आहे आणि ते वडिवळ्याच्या धरणापर्यंत कसं आलं, ते सांगण्यासारखं आहे.

आधी वस्तू काय ते सांगते. सर्फिंगसारखी एक फळी. तिच्या पोटाखाली पाऊण मीटर लांबीचा दांडा, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला एक आडवी नळी, नळीच्या पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. छोटेखानी विमानच म्हणा, फक्त ते पाण्याखाली राहतं. फळीला वेग आला की पंख पाणी खाली ढकलतो, पाणी पंखाला वर ढकलतं आणि फळी माणसासकट पाण्याबाहेर उचलली जाते. मग पाण्यात राहतात फक्त पंख आणि मास्टचा थोडा भाग. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असल्यामुळे सुपाएवढा पंखसुद्धा माणसाला उचलतो.

विज्ञानाच्या बाईंनी आठवीत कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारायला लावली होती, आठवतं? पट्टी वर आली तेव्हा अख्खा वर्ग ओरडला होता. बाई, प्रयोग शंभर टक्के खरा होता. पुस्तकातलं स्पष्टीकरण मात्र चुकीचं होतं. पंखाच्या वरचा प्रवाह आणि खालचा प्रवाह मागच्या टोकाला एकाच वेळी पोचतात, असं त्यात लिहिलं होतं. ते तसे पोचत नाहीत. हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं आणि तेव्हा तुमचीच आठवण आली.

पंखाने बोट उचलता येते हे माणसाला एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. नीट चाललेली पहिली बोट इटलीच्या एनरिको फोर्लानिनी यांची. 1906 मध्ये माज्जोरे सरोवरावर तिने ताशी 68 किलोमीटरचा वेग गाठला. पण उचलण्यापेक्षा अवघड काम पुढेच होतं. बोट उचलली गेली की वेग वाढतो, वेग वाढला की पंख आणखी उचलतो आणि शेवटी पंखच पाण्याबाहेर येतो. पाणी सुटलं की आधार गेला आणि बोट नाकावर आपटली. म्हणजे खरा प्रश्न उंची राखण्याचा आहे. ती कोण राखणार? माझ्या मते या यंत्राचा सगळा इतिहास या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांचा आहे.

फोर्लानिनींचं उत्तर शिडी. एकाखाली एक असे पंख. बोट वर आली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर येतात, उचल आपोआप कमी होते आणि बोट तिथेच थांबते. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन 1910-11 च्या जगप्रवासात या बोटीत बसून आले आणि झपाटून गेले. कॅनडातल्या बॅडेक गावी, ब्रा-द-ओर सरोवरावर त्यांनी एकामागून एक बोटी बनवल्या. 9 सप्टेंबर 1919 रोजी त्यांची एचडी-4 ही बोट ताशी 114 किलोमीटरने धावली. पाण्यावरचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

मला या गोष्टीत बोटीपेक्षा ते सरोवर महत्त्वाचं वाटतं. याच सरोवराच्या बर्फावरून बेल यांच्या मंडळाचं विमान 1909 च्या फेब्रुवारीत उडालं होतं. त्या मंडळाला पैसा पुरवला बेल यांच्या पत्नी मेबल यांनी, स्वतःचा. घराच्या दारात पाणी, आज आपटली तर रात्री दुरुस्त करून उद्या पुन्हा पाण्यात. लांबच्या बंदरावर जाऊन वर्षातून एकदा चाचणी घेणाऱ्याला हे जमलं नसतं.

पुढची उत्तरं भराभर सांगते. सोव्हिएत रशियात रोस्तिस्लाव अलेक्सेयेव यांनी हेरलं की पंख पृष्ठभागाच्या अगदी जवळ आला की त्याची उचल आपसूक घटते. मग शिडी कशाला? 1957 मध्ये त्यांच्या ‘राकेता’ने गोर्की ते कझान हे 420 किलोमीटरचं अंतर व्होल्गा नदीतून प्रवासी घेऊन सात तासांत कापलं. 1970 च्या दशकात बोईंगच्या जेटफॉइलमध्ये हे काम यंत्राकडे गेलं. सेन्सर उंची मोजायचे आणि नियंत्रण यंत्रणा पंखाच्या झडपा हलवायची. हाँगकाँग-मकाव मार्गावर या बोटी वर्षानुवर्षं चालल्या. 2024 मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या विजेच्या फेरीबोटीत संगणक सेकंदाला शंभर वेळा पंखांचा कोन बदलतो. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे हे उत्तर मला सगळ्यात आवडायला हवं.

पण मला आवडतं ते याच्या मधलं उत्तर. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पंख लावलेली एक खुर्ची निघाली, बोटीमागे ओढायची. हवाईच्या लेअर्ड हॅमिल्टन आणि त्याच्या मित्रांनी तिचा पंख काढून उभं राहायच्या फळीला लावला. शिडी नाही, झडप नाही, सेन्सर नाही. उंची राखायची ती उभ्या माणसाच्या गुडघ्यांनी. पुढच्या पायावर भार दिला की खाली, मागच्या पायावर दिला की वर. पुढे हाच प्रकार शिडाच्या फळीवर आला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, म्हणजे मार्सेच्या समुद्रात, विंडसर्फिंगच्या शर्यती आयक्यूफॉइल या पंखवाल्या फळीवर झाल्या. आपल्या गोव्याची कात्या कोएल्यो हीसुद्धा या फळीवर भारतातर्फे उतरली आहे.

आता वडिवळे. समुद्र इथून घाटाखाली राहिला, पण मावळाला त्याचं कधी काही वाटलेलं नाही. लोणावळ्याच्या डोंगरात 1945 पासून नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे आणि जहाजांची इंजिनं कशी चालवायची हे तिथे शिकवतात. कामशेतच्या डोंगरांवरून पावसाळा सोडून पॅराग्लायडर उडतात, ते खालून आपलं पाणी ओलांडताना आपण पाहतोच. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटाकडून वारा येतो. धाकट्या भावाचं भोसरीत फायबरचं काम आहे. पंख आणि मास्ट आम्ही जुने विकत घेतले, फळी घरी केली. थर्माकोलचा ठोकळा, त्यावर फायबरचं कापड, वर इपॉक्सी.

पहिली फळी चौथ्या दिवशी गेली. मास्टची बैठक थर्माकोल चुरडून उपटून आली. पाऊण मीटरचा दांडा म्हणजे तरफच. पंखाला पाण्याने दिलेला प्रत्येक हिसका बैठकीवर कितीतरी पटीने येतो. दुसऱ्या फळीत भावाने बैठकीखाली कडक फोमचा ठोकळा तळापासून वरच्या पृष्ठभागापर्यंत भिडवला. ती अजून टिकून आहे. मग मागच्या पंखाचा कोन. त्याच्याखाली पातळ पट्टी सरकवली की कोन अर्धा अंश बदलतो आणि तेवढ्याने फळी शहाण्यासारखी वागते किंवा घोड्यासारखी उधळते. एका रविवारी आम्ही घाईत पट्टीही बदलली आणि मास्टही पुढे सरकवला. फळी सुधारली, पण कशामुळे ते कळेना. दोन्ही पुन्हा मागे नेऊन एकेक करायला पुढचे दोन रविवार गेले. ऑफिसात मी याच चुकीसाठी पोरांना बोलते.

हे सगळं करताना मी काठावर वही घेऊन बसत होते. कारण मला पोहता येत नव्हतं. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाला येत होतं? मुलगे शाळा सुटल्यावर पाण्यात उड्या मारायचे, आपण दप्तरं सांभाळत काठावरून भाकऱ्या काढायचो. माझा दगड पाच-सहा टप्पे जायचा, मुलांपेक्षा जास्त. पण गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली मला आपल्यातली एकही आठवत नाही. घरी विचारलंही नव्हतं. विचारण्यासारखी गोष्टच नव्हती ती. त्या पाण्याने माणसं नेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात यायच्या, आजही येतात, आणि त्यावर आपल्याला मिळालेला उपाय एकच होता, लांब बस.

त्रेचाळिसाव्या वर्षी पुण्यात तरणतलावावर नाव घातलं. माझ्या गटात सात वर्षांची पाच पोरं आणि मी. वर्ष लागलं. गेल्या एप्रिलमध्ये लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालून, भाऊ होडीत जवळ असताना, मी पहिल्यांदा फळीवर उभी राहिले. हातात वाऱ्याने फुगलेला पंख, पायाखाली आमची दुसरी फळी. वेग आला आणि पाण्याचा आवाज एकदम बंद झाला. कुणी सांगितलं नव्हतं की आवाज बंद होतो. मी दचकून मागच्या पायावर गेले, पंख पाण्याबाहेर आला आणि नाकावर आपटले.

वहीत त्या दिवशी एकवीस नोंदी आहेत. सर्वांत लांब उड्डाण चार सेकंद. मे अखेरीस अकरा. भावाचं मत आहे की मागच्या पंखाची पट्टी अर्ध्या अंशाने कमी करावी. मला वाटतं, दोष माझ्या मागच्या पायाचा आहे. पाऊस संपला की आधी पाय बदलून पाहू, पट्टी तशीच ठेवून.