मीठ, मीठा आणि टोफू

गेल्या रविवारी कढईत टोफू परतत होता. सूनबाई मुरैन्याकडच्या हिंदी घरातली. मराठी छान बोलते, पण घाईत कान माहेरच्या भाषेतच ऐकतो. मी चव घेऊन म्हटले, "मीठ अंमळ कमी आहे गं, घाल थोडे." तिने गुळाचा आणखी एक खडा टाकला. मी पाहतच राहिलो. "बाबा, आपने ही तो मीठा कहा!" पदार्थ गोड-तिखटच व्हायचा होता, त्यामुळे निभावून गेले. जेवणानंतर मात्र मी कोश घेऊन बसलो. दीडदोनशे वर्षे ग्वाल्हेरात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरांत हा घोटाळा पिढ्यान्‌पिढ्या होत आला असणार.

मराठीत मीठ खारट आणि हिंदीत मीठा गोड, हे झाले कसे? दोघांचे मूळ एकच आहे: संस्कृत 'मृष्ट'. धातू 'मृज्', म्हणजे घासणे, स्वच्छ करणे. घासूनपुसून लख्ख झालेले ते मृष्ट. त्यावरून निवडक, रुचकर असा अर्थ आला असावा. प्राकृतात त्याचे 'मिट्ठ' झाले. पुढे कोणा पंडिताने या मिट्ठला पुन्हा संस्कृत पोशाख चढवला आणि 'मिष्ट' तयार झाले. आपण थाटाने 'मिष्टान्न' म्हणतो, त्यातले मिष्ट असे प्राकृताच्या घरून परत आलेले दिसते. मूळ अर्थ एवढाच, की चवदार. आता चवदार कशाला म्हणायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. हिंदीने उत्तर दिले, जे गोड ते. मराठीने उत्तर दिले, ज्याच्यामुळे अन्नाला चव येते ते, म्हणजे मीठ. गुजरातीने तर दोन्ही उत्तरे ठेवली. तिथे 'मीठुं' हे मीठही आहे आणि गोडही. आमच्या कढईतला घोटाळा बडोद्यात एकाच भाषेच्या आत होऊ शकतो.

मग मराठीतले जुने 'लवण' कुठे गेले? ते गेले नाही, कोपऱ्यांत जाऊन बसले. 'लोणचे' त्याच्यापासून, 'अळणी' म्हणजे अ-लवण, आणि बुलढाण्याच्या खाऱ्या सरोवराचे 'लोणार' हे नावही तिकडचेच दिसते. 'लोणी' मात्र या घरातले नाही. ते 'नवनीत'पासून आलेले. आमच्याकडच्या बुंदेली खेड्यांत लोण्याला 'नैनू' म्हणतात, त्यात मूळचा न अजून शाबूत आहे.

लवणाला बाजूला सारून मीठ का आले असावे? माझा तर्क असा, की हे आदराने दिलेले नाव आहे. मिठाला नुसत्या नावाने हाक मारू नये अशी भावना बऱ्याच ठिकाणी दिसते. साधूंच्या पंगतीत त्याला 'रामरस' म्हणतात. गुजरातेत नव्या वर्षाच्या सकाळी ते दारोदार 'सबरस' म्हणून विकले जाते. 'मीठ', म्हणजे 'ते चवदार', हेही त्याच जातीचे नाव असावे. आणि मिठाचा मान जेवणापुरता राहिला नाही. संस्कृतात लवणावरून 'लावण्य' झाले, फारसीत नमकवरून 'नमकीन' रूप, अरबीत 'मिल्ह' म्हणजे मीठ आणि त्यावरून उर्दूत आलेली 'मलाहत' म्हणजे सौंदर्य. तीन भाषांना, तिन्ही वेगळ्या शब्दांतून, चेहऱ्यावरचे तेज पाहून मीठच आठवावे याचे मला फार कौतुक वाटते.

आता 'गोड'. गुळाशी त्याचे नाते उघड आहे, पण तपशील तितका सरळ नाही. संस्कृत 'गुड'चे मराठीत 'गूळ' झाले ते नियमाला धरून. दोन स्वरांमधला ड मराठीत ळ होतो: षोडश-सोळा, तडाग-तळे. मग 'गोड'मधला ड का टिकला? तो मूळचा एकटा नसावा. 'गौड', म्हणजे गुळाचे, अशा रूपातून मधल्या काळात द्वित्व येऊन तो बचावला असावा. वस्तू झाली गूळ, गुण झाला गोड. हिंदीने वस्तूला गुड़ ठेवले आणि गुणासाठी मीठा घेतला. शिवाय मराठी गोड नेहमी गोड असतोच असे नाही. गोडा मसाला गोड नसतो. गोडे पाणी म्हणजे खारे नसलेले, गोडे तेल म्हणजे कडू नसलेले. इथल्या बाजारात तिळाच्या तेलाला 'मीठा तेल' म्हणतात आणि मोहरीच्या तेलाला 'कड़वा तेल'. म्हणजे इथे मीठा आणि आपला गोड अगदी बरोबरीने चालतात.

या कड़व्या तेलापाशी थांबायला हवे, कारण टोफू त्यातच परतला होता. चंबळेचा हा सगळा पट्टा मोहरीचा. मोहरीचे तेल कडू नसते. ते नाकात चढते, झोंबते. मग कड़वा का? कारण हा शब्द जुना अर्थ सांभाळून बसला आहे. आयुर्वेदाचे सहा रस आठवा: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यांतला 'कटु' म्हणजे कडू नव्हे, तिखट. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून 'त्रिकटु' होतो, आणि त्या तिघांत कडू कोणीच नाही. कडू रस तो 'तिक्त', कडुनिंबाचा. पुढे लोकभाषांत उलथापालथ झाली. कटुपासून 'कडू' आले ते निंबाकडे गेले. तिखटाची जागा रिकामी झाली तिथे तीक्ष्णपासून आलेले 'तिक्ख' बसले आणि मराठीत त्याचे 'तिखट' झाले. बंगालीने 'तेतो' हे तिक्ताचेच रूप कडूसाठी जपले. आणि मुरैन्याच्या तेलघाण्यावर 'कड़वा' हा शब्द अजून चरकाच्या काळातल्या अर्थाने उभा आहे. सूनबाई तेल धुरावेपर्यंत तापवते, मग जरा निवू देते. मोहरीचा झोंबणारा अंश उष्णतेने उडून जातो. तापवल्यावर कड़वा तेल खऱ्या अर्थाने मीठा होत असते म्हणायचे.

याहून गंमत पुढे आहे. तिक्त आणि तीक्ष्ण ही दोन्ही एकाच 'तिज्' धातूची लेकरे, धार लावणे या अर्थाची. तेज, तिग्म हीही तीच भावंडे. म्हणजे कडूपणा आणि तिखटपणा या दोघांनाही आपल्या पूर्वजांनी आधी 'धारदार' एवढेच म्हटले असावे, आणि कोणती धार कोणाच्या वाट्याला जाईल हे पुढे ठरले. फारसीतला 'तेज़' हाही इराणी शाखेतून आलेला याच कुळातला शब्द. 'तीर'ही बहुधा तिथलाच. आमच्याकडे जेवताना पाहुणा म्हणतो, "मिर्च तेज़ है," आणि यजमानीण म्हणते, "तिखट झालंय का हो?" हजारो वर्षांपूर्वी दोन वाटांनी गेलेले हे सख्खे शब्द एका ताटावर भेटतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

तिखटमधल्या 'ट'वरही जाता जाता नजर टाकावी. आंबट, खारट, तुरट, तिखट अशा चार चवींना तो लागला आहे. गोड आणि कडू मात्र त्याच्याविना. एरवी हा ट 'थोडासा, त्या अंगाचा' असे सुचवतो: कडवट, मळकट, पोरकट. म्हणजे आंबट हे कधीकाळी 'आंबसर' एवढेच असावे आणि पुढे पूर्ण चवीचे नाव झाले असावे. शिवाय मराठीत तिखट ही चव आहे आणि वस्तूही. "दोन चमचे तिखट घाल" यात मिरचीचे नावही घ्यावे लागत नाही. ती मिरची पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून सोळाव्या शतकात आली. त्याआधीचे तिखट म्हणजे मिरी, संस्कृत 'मरिच'. नव्या पाहुणीला आपण जुन्या मिरीवरूनच 'मिरची' हे नाव दिले.

नव्याला जुन्या शेजाऱ्याचे नाव द्यायची ही सवय टोफूच्या बाबतीत फार खोलवर दिसते. बाजारात त्याला 'सोया पनीर' म्हणतात. 'पनीर' फारसी, तुर्कीत 'पेयनिर', आर्मेनियनमध्ये 'पानिर'. आपल्याकडे शब्द बाहेरून आला तरी वस्तू अनोळखी नव्हती. तापल्या दुधात दही घालून फाडले की घट्ट भाग 'आमिक्षा' आणि उरलेले पाणी 'वाजिन', हा भेद वैदिक यज्ञातला, आणि मीमांसकांनी त्यावर बराच काथ्याकूट केला आहे. टोफू हे नाव मात्र मूळचे चिनी. तिथल्या 'दौफू'मधला 'दौ' म्हणजे दाणा, द्विदल. 'फू' म्हणजे नासलेले, कुजलेले. जपानीत त्याचे 'तोफू' झाले आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे येताना, टेबलासारखाच, त पडून ट आला. चिनी ग्रंथांत हा शब्द दहाव्या शतकात दिसतो. हा पदार्थ इसवी सनापूर्वीच्या हुआयनानच्या राजपुत्र ल्यू आनने शोधला ही पुढची आख्यायिका. 'फू' हा घाणेरडा वाटणारा शब्द खाण्याच्या वस्तूला का द्यावा? एक तर्क असा, की उत्तरेच्या पशुपालक लोकांच्या नासवलेल्या दुधाला आधी तो शब्द लागला आणि त्यावरून दाण्याच्या दुधाला. तर्क खरा असेल तर चिन्यांनीही हजार वर्षांपूर्वी 'सोया पनीर' असेच काहीसे म्हटले होते.

आणि मराठी कानाला 'फू' मुळीच परका वाटू नये. हिंदीत दूध 'फटता' है, आपल्याकडे दूध 'नासते'. नासणे 'नश्'पासून. घरात कलाकंद करताना आई म्हणायची, "आज मुद्दाम दूध नासवलंय." नाश झालेल्यातून पक्वान्न होते हे सांगायला चिनी आणि मराठी भाषांनी एकच शब्द शोधला. कोशातल्या शंभर व्युत्पत्त्यांपेक्षा ही जुळणी मला अधिक प्रिय आहे.

जपानात दाण्याचे दूध नासवतात ते 'निगारी'ने. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे खारकडू पाणी उरते ते निगारी, आणि 'निगाई' म्हणजे कडू. मीठ आणि कडू इथेही शेजारीच. आम्ही घरी लिंबू पिळतो, फडक्यात बांधून वर वजन ठेवतो, आणि पुरे पाणी निथळल्याशिवाय सुरी लावत नाही. पाणी राहिले तर गुळाचा पाक तुकड्यांना धरत नाही. गूळ, चिंचेचा कोळ, लाल तिखट, ठेचलेले आले-लसूण, शेवटी तीळ आणि चमचाभर सोया सॉस.

या 'सोया सॉस'मध्येही एक जोड दडली आहे. 'सोया' हे दाण्याचे मूळ नाव नव्हे. जपानी 'शोयू' हेच मुळात त्या काळ्या रसाचे नाव, चिनी 'ज्यांगयौ'वरून घेतलेले. डच व्यापाऱ्यांनी ते युरोपात नेले आणि मग रसावरून दाण्याला नाव पडले. म्हणजे सोया सॉस म्हणताना आपण दोनदा सॉस म्हणतो. आणि 'सॉस' हा लॅटिन 'साल्सा'चा वंशज: खारवलेले, 'साल' म्हणजे मीठ. परत मीठच.

आपल्याकडे हा दाणा अगदी नवा समजला जातो, ते तितकेसे खरे नाही. कुमाऊँत 'भट्ट' आणि नेपाळात 'भटमास' जुनेच. त्यातला 'मास' म्हणजे 'माष', उडीद. मध्य भारतात काळ्या दाण्याचे देशी वाण होते, नाव 'कालीतूर'. तूर नव्हे, पण तुरीच्या शेजारची. मराठी मुलखाशीही या दाण्याचा संबंध जुना आहे. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचा आहारप्रयोग चालवला आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. पुढल्याच वर्षी बडोदे संस्थानातल्या एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तीनशे पाककृतींसह. नंतर १९७०च्या दशकापासून माळव्याची शेतेच सोयाबीनची झाली, १९८७मध्ये इंदुरास त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आले आणि भोपाळच्या कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोया पनीर करायला शिकवू लागले. तरी घरगुती बोलीत या दाण्याला देशी नाव चिकटले नाही, याची मला खंत वाटते. कालीतूर हा शब्द सुंदर होता.

चवीचे नाव बदलत जाते याचा एक पुरावा आमच्या गावच्या थंडीत दरवर्षी खायला मिळतो. 'गजक' फारसी 'गज़क'वरून आला. तिकडे तो मद्याबरोबर तोंडात टाकायचा चटकदार घास. इथे तो तिळागुळाचा, अस्सल गोड झाला, आणि मुरैन्याच्या गजकला २०२३मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. टोफूवर मी तीळ पेरतो ते या गजकच्या आठवणीने.

आणि हे सगळे ज्या गावात चालले आहे त्याचे नाव? शिलालेखांत ते गोपगिरी, गोपाद्रि. ग्वालिपा साधूची कथा बाजूला ठेवली तरी 'ग्वाल' आणि आपला 'गवळी' गोपालाच्याच घरचे दिसतात. ग्वाल्हेर म्हणजे गवळ्यांचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी गाईविना पनीर होऊ लागले.

आता वाचकांना एक विनंती. माळवा, बुंदेलखंड, नागपूर-बैतूल या पट्ट्यातल्या जुन्या मराठी घरांत काळ्या सोयाबीनला कोणी 'काळी तूर' म्हणताना ऐकले आहे का? की आणखी काही नाव होते? शब्द, गाव आणि सांगणाऱ्याचे साधारण वय एवढे कळवले तरी पुरे. मला कालीतूर छापील कागदांत भेटली आहे. मराठी तोंडून ती अजून ऐकायची आहे.