गेरू आणि पिवडी

परदेशात स्वतःचं घर रंगवायला काढलं असेल, तर हा पेच तुमच्या ओळखीचा असेल. हर्नडनच्या आमच्या घरात आईसाठी खालची, उत्तरेकडची खोली तयार करायची आहे. भिंतीवर दोन नमुने चिकटवलेत. दोन्ही उबदार, मातकट. एक जरा तांबूस, दुसरा जरा पिवळसर. त्यांची इंग्रजी नावं फोनवर सांगताना मी अडखळलो, तर आई म्हणाली, "अरे, एक गेरू आणि एक पिवडी!"

तिच्या माहेरी वृंदावनाला गेरू आणि आतल्या भिंतींना चुन्यात कालवलेली पिवडी असे.

गंमत म्हणजे हे दोन रंग सख्खे भाऊ आहेत. दोन्ही मातीतल्या लोहाचे. गेरूत असतं हेमॅटाइट, पिवळ्या मातीत गोएथाइट. फरक इतकाच, की पिवळ्यात पाणी बांधलेलं असतं. पिवळी माती सुमारे ३०० अंश सेल्सिअसला भाजली की पाणी निघून जातं आणि ती लाल होते. (गोएथाइट हे नाव १८०६ मध्ये जर्मन कवी गटेवरून ठेवलं गेलं. त्याने रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला तो त्यानंतर, १८१० मध्ये!) दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत अशी लाल माती कुटून ठेवलेले शिंपले सापडले, सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी निळ्यासाठी थेट अफगाणिस्तानातला लाजवर्द वापरला. लाल-पिवळं मात्र मातीतूनच घेतलं. वारली चित्रांमागची भिंतही गेरूचीच.

मग निवड अवघड का? कारण उजेड. डिसेंबरात भरदुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, हर्नडनला जेमतेम २८. त्यात खोली उत्तरेकडची, म्हणजे ऊन नाहीच, नुसता आभाळाचा निळसर उजेड. त्यात आमची पिवडी हिरवट, आजारी दिसते. रात्री दिव्याखाली तीच इतकी गोड दिसते, की मी दोनदा मत बदललं.

आई गेरूला तयार नव्हती. "तो अंगणातला रंग. खोलीत झोपायचं की तुळशीजवळ?"

शेवटी दुकानात गेलो. पांढऱ्या रंगात छटा मिसळणाऱ्या यंत्रावर दोन नळ्यांवर लिहिलं होतं: यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड. म्हणजे तेच दोघे भाऊ, आता कारखान्यात बनवलेले. पिवळसर नमुना पुढे केला आणि म्हटलं, यात लाल थोडा वाढवा. आई मार्चमध्ये येते आहे.